स्वप्नात जाग आली तर



आमची आपा मोखाड्याला दिली आहे. तिचा तेरा वर्षांचा मुलगा शाळेसाठी जव्हारला आम्हा दोघा मामांकडे राहतो. यंदा मोखाड्यात शेजारच्या मुलांबरोबर त्याने बोहाडा पाहिला. संबळाच्या तालावर रात्रभर नाचणारी मुखवट्यांची सोंगं पाहताना त्याला मजा वाटली. पण पुढे पावसाळ्यात, धुकं दाटलेलं आणि वीज गेलेली असली की तो मध्यरात्री ओरडत उठू लागला. सोंग मागे लागतं आणि पाय उचलत नाहीत, हेच स्वप्न पुन्हा पुन्हा.

अम्मीने प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण त्याला सांगितली: वाईट स्वप्न पडलं तर अल्लाहचा आश्रय मागावा, डावीकडे तीनदा हलकं थुंकल्यासारखं करावं, कूस बदलावी आणि ते स्वप्न चारचौघांत सांगत बसू नये. त्याने त्याला पुन्हा झोप लागायची. हदीसमध्ये स्वप्नांचे तीन प्रकार आले आहेत. एक अल्लाहकडून आलेली शुभवार्ता, दुसरा सैतानाने घातलेली भीती आणि तिसरा माणसाच्या मनाचं स्वतःशीच चाललेलं बोलणं. आम्हाला हे तिसऱ्या प्रकारातलं वाटलं. भाच्याला विचारूनच ते इथे लिहितो आहोत.

मनाचं बोलणं असेल तर मनाला काही शिकवता येईल का? शोधता शोधता आम्ही सजग स्वप्नापर्यंत आलो. स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळणं म्हणजे सजग स्वप्न. इंग्रजीत त्याला ल्युसिड ड्रीम म्हणतात. हे नाव 1913 मध्ये फ्रेडरिक व्हान ईडन या डच डॉक्टरांनी रूढ केलं. 1975 मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या माणसाने आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे हलवून स्वप्नातून खूण केली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही असंच दाखवून दिलं. म्हणजे ही जादू नव्हे, आणि साया-जिन्नाची गोष्टही नव्हे.

आम्ही तीन गोष्टी केल्या. पहिली, स्वप्नांची वही. जाग आल्यावर लगेच हालचाल न करता स्वप्न आठवायचं आणि दोन ओळी लिहायच्या. वही ज्याची त्यानेच वाचायची. आठवड्याभरात आपल्या स्वप्नांत वारंवार काय येतं ते कळू लागतं.

दुसरी, दिवसा खात्री करण्याची सवय. एखादी लिहिलेली ओळ वाचायची, नजर हटवायची, पुन्हा वाचायची. जागेपणी ती तशीच राहते, स्वप्नात बहुधा बदलते. वुजू करून हात पुसले की आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख दोनदा पाहायचो. वुजूशी याचा काही संबंध नाही. दिवसातून पाच वेळा आठवण राहावी एवढंच. पण ‘मी आत्ता जागा आहे का?’ हा प्रश्न मनापासून विचारायला हवा. नुसती नजर फिरवून उपयोग नाही.

तिसरी, झोपतानाचा निश्चय: ‘पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल.’ स्वप्नांची झोप साधारण दीड-दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. म्हणून चार-पाच तासांच्या झोपेनंतर जाग आली तर तेव्हा केलेला निश्चय जास्त फळतो. तहज्जुदला उठून पुन्हा पडणाऱ्यांना ही वेळ आपोआप मिळते. मात्र या नादात फजर चुकता कामा नये. मुलांना तर मुद्दाम उठवू नयेच. स्वप्नात कळलं की हुरळून जायचं नाही, नाहीतर लगेच जाग येते. शांतपणे हात एकमेकांवर चोळावेत, आजूबाजूला नीट पाहावं.

काही वेळा मन जागं होतं, पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. अंगाची झोप मागे राहिल्याने हे होतं आणि थोड्या वेळात जातं. ज्यांना खरं आणि भास यांत गोंधळ होण्याचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

भाच्याला आपाने आणखी एक मदत केली. सोंग घेणाऱ्या शेजारच्या काकांच्या घरी त्याला दिवसाउजेडी नेलं. काकांनी मुखवटा आतून-बाहेरून दाखवला. तिसऱ्या आठवड्यात सोंग पुन्हा स्वप्नात आलं, तेव्हा ‘हे तर तेच स्वप्न’ असं त्याला आठवलं. तो पळायचा थांबला. खाली पाहिलं तर सोंगाच्या पायात काकांच्या चपला! त्यानंतर तो ओरडत उठलेला नाही.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली आहेत आणि घरामागच्या जागेची वाटणी राहिली होती. आपाला गरज नाही, असं आम्ही भाऊ मनातल्या मनात म्हणत होतो. एका पहाटे आमच्यातल्या धाकट्याला स्वप्नात अब्बा दिसले. हे स्वप्न आहे हे कळत असताना त्याने जागेबद्दल विचारलं. अब्बा म्हणाले, ‘जागा तुम्हा दोघांचीच.’

दिवसभर तो गप्प होता. रात्री म्हणाला, “भाई, आवाज अब्बांचा होता, शब्द माझे होते.”

इब्न खल्दून यांनी 1377 च्या सुमारास ‘मुकद्दिमा’त हवं ते स्वप्न पाहण्यासाठी झोपताना म्हणायच्या शब्दांबद्दल लिहिलं आहे. त्यांनी स्वतः ते करून पाहिलं आणि काही दिसलंही. तरी त्यांचं मत असं की अशाने मनाची तयारी होते, स्वप्न हुकमाने पडत नाही. आम्हाला तर दुसराच धोका दिसला. हुकमाने पडलं तर ते आपलंच बोलेल. न पाहिलेलं स्वप्न पाहिलं म्हणून सांगणाऱ्याला हदीसमध्ये कडक ताकीद आहे. स्वतः घडवलेलं स्वप्न मय्यताचा निरोप म्हणून सांगणं त्याहून किती वेगळं?

आपाचा हिस्सा कुरआनने ठरवलेला आहे. त्यासाठी स्वप्नात जायची गरजच नव्हती. पुढच्या जुम्म्याला ती जव्हारला आली तेव्हा आम्ही तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली. वारस नोंदीच्या अर्जावर आता तिचंही नाव आहे.

भीती घालवायला ही विद्या जरूर शिका. पण स्वप्नातल्या माणसाच्या तोंडून आपलीच इच्छा ऐकू आली, तर जागं झाल्यावर ती आपलीच म्हणून सांगा.