आपल्या ऋतूंचे दाखले

प्रभू येशूने आपल्या शिकवणीचा मोठा भाग दाखल्यांच्या रूपाने सांगितला, हे ज्यास शास्त्राचा अल्प परिचय आहे त्यासही ठाऊक असते. पेरणारा, मोहरीचा दाणा, पिठात कालवलेले खमीर, हरवलेले मेंढरू, अंजिराचे झाड, द्राक्षवेल या साऱ्या वस्तू गालील व यहूदिया प्रांतांतील माणसांच्या नित्य पाहण्यातल्या होत्या. त्यांस समजावून सांगण्यासाठी प्रभूने दूरदेशींची उदाहरणे आणली नाहीत. श्रोत्यांच्या पायांखाली जी माती होती तिच्यातूनच त्याने स्वर्गाच्या राज्याची गोष्ट काढून दाखविली. याचा अर्थ मला असा वाटतो की, जो त्याचा शिष्य म्हणवितो त्याने आपल्या गावचे शेत, आपल्या दारचे झाड व आपल्यावरचे आभाळ नीट पाहण्यास शिकले पाहिजे.

परंतु आपण काय करतो? नाताळ जवळ आला की शाळांतून व घरांतून गव्हाणीचा देखावा मांडला जातो, सूचिपर्णी झाड उभे राहते, आणि त्याच्या फांद्यांवर बर्फ म्हणून कापूस पसरला जातो. नागपुरास बर्फ पडत नाही. बेथलेहेमातही तो क्वचितच पडतो. हे बर्फ युरोपच्या हिवाळ्यातून चित्रांच्या द्वारे आपल्याकडे आले. मुलांच्या आनंदास नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र एक गोष्ट मनास लागते. ज्या वऱ्हाड-नागपूर प्रांताची ओळख सर्व देशास कापसावरून आहे, तेथील मुलांच्या हाती कापूस येतो आणि त्यात त्यांस न पाहिलेले बर्फ दिसते, कापूस मात्र दिसत नाही!

आपल्या भाषेतील थोर ख्रिस्ती लेखकांनी असे केले नाही. इंग्लंडातून गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापून प्रसिद्ध झालेले आपले ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचिले, आणि मराठीची थोरवी गाताना त्यांस येथलीच फुले व येथलेच पक्षी आठवले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा तर आपल्या नागपुराशी निकटचा संबंध. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी अभंग व कीर्तन यांच्या द्वारे ख्रिस्ताची भक्ती मराठी मनास आपलीशी करून दिली. फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांस ओळखतो. ती फुले याच मातीतली होती.

तेव्हा, विद्यार्थीमित्रांनो, आपल्या वर्षाकडे एकदा डोळसपणे पाहू या. या पानांचे वाचक सर्वच ख्रिस्ती नाहीत, हे मी जाणतो. परंतु ऋतू सर्वांचे एकच आहेत.

पुनरुत्थानाचा सण मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत केव्हातरी येतो. युरोपात त्या सुमारास बर्फ वितळून वसंत उघडतो. आपल्याकडे मात्र त्या वेळी विहिरींचे पाणी खोल जाऊ लागते व ऊन चढू लागते. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, हे पालकांच्या स्मरणात असेल. त्या उन्हाच्या तोंडाशी कडुलिंब, पिंपळ व मोह यांस नवी पालवी फुटते. पळस तर त्याआधीच, अंगावर पान नसताना, फुलून जातो. ही पालवी पावसानंतर येत नाही. पावसास दोन-अडीच महिने अवकाश असताना येते. झाडाची मुळे खोल गेलेली असतात, आणि वरच्या मातीस जे पाणी दिसत नाही ते त्या मुळांस लाभते. सर्व काही अनुकूल झाल्यावर आनंद मानणे कोणासही जमते. प्रतिकूल काळाच्या आरंभीच जी पालवी फुटते ती श्रद्धा. रिकाम्या कबरेची वार्ता प्रथम ऐकणारे शिष्यही भयाने दारे लावून बसले होते. आपल्या चैत्रातला कडुलिंब ती गोष्ट कोणत्याही परदेशी चित्राहून अधिक चांगली सांगतो.

पुढे मृग लागतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी वाया जाते ते जमिनीच्या दोषामुळे. वाट, खडक व काटे ही त्याची कारणे होत. आपल्या शेतकऱ्यास आणखी एक दुःख ठाऊक आहे, त्याचे नाव दुबार पेरणी. पहिल्या सरी येतात, तो विश्वासाने पेरतो, बी उगवते, आणि मग पाऊस पंधरा-पंधरा दिवस दडी मारतो. कोवळे अंकुर करपून जातात. जमीन चांगली, बी चांगले, मेहनतही पुरी. तरी सर्व गेले. मग तो पुन्हा बी आणतो, पुष्कळदा उसनवारीने वा कर्जाने, आणि पुन्हा तिफण धरतो. अशा मनुष्यास धीराचा उपदेश करणे सोपे आहे. परंतु उघड्यास व उपाश्यास नुसते शुभ चिंतून वाटेस लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव होय, असे याकोबाने आपल्या पत्रात बजावले आहे. दुबार पेरणीचा दाखला शेजाऱ्यासाठी आहे: त्याच्या बियाण्यात आपला काही वाटा आहे की नाही?

ऋतूंपासून बोध घेताना आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडचे संत्र्याचे बागवान मृग बहारासाठी उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. यास ताण देणे म्हणतात. त्या ताणानंतर पाणी मिळाले की झाड फुलांनी भरते. दुःखातून फळ कसे येते हे सांगण्यास हा दाखला फार सुंदर आहे. पण तो अर्धाच सांगू नये. बागवान ताण मोजून देतो, झाडाची पाने रोज पाहतो, आणि वेळ येताच पाणी सोडतो. प्रत्येक दुष्काळ म्हणजे असा ताण नव्हे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने उभी पिके झोडपली. त्यात भक्ताचे शेत वाचले व अभक्ताचे गेले, असे झाले नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्या पदरी काही पाप असेल, असे म्हणणारा मनुष्य ऋतूंपासून काही शिकला नाही आणि प्रभूपासूनही नाही. पिता नीतिमान व अनीतिमान या दोघांवरही पाऊस पाडतो, हे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे.

याचे एक उदाहरण आपल्या बेसा गावापासून दूर नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. त्यांनी येथे शाळा काढली, आणि या प्रांतातले दगड व प्राचीन जीवांचे अवशेष इतक्या बारकाईने पाहिले की भूगर्भशास्त्रात त्यांचे नाव राहिले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे व तेथील शाळा पाहून घोड्यावरून परतताना, बोरीजवळ पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. ज्या पावसाने त्या वर्षी ज्वारी-कापूस वाढविला असेल, त्याच पावसाने हा सज्जन नेला. देवाने त्यांस शिक्षा केली, असे कोणी म्हणेल काय? सृष्टीकडे प्रेमाने व अचूक पाहणे हीच त्यांची उपासना होती, आणि तिचे फळ पुरात वाहून गेले नाही.

आता पुन्हा कापसाकडे येऊ. जूनमध्ये पेरलेला कापूस दिवाळीच्या मागेपुढे फुटू लागतो, आणि नाताळातही वेचणी चाललेली असते. बाया कमरेला ओटी बांधून एकेक बोंड वेचतात. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांस ओरखडे काढतात. मजुरी मिळते ती वजनावर, आणि कापूस तर वजनास हलका! प्रभूचा जन्म झाला त्या रात्री देवदूतांनी ती वार्ता प्रथम रानात राबणाऱ्या मेंढपाळांस सांगितली. आज ती वार्ता प्रथम ऐकण्याचा मान आपल्या प्रांतात कोणास मिळेल, याचा विचार केल्यास मला या वेचणाऱ्या बायांचीच आठवण होते.

बेश्याच्या शेतांवर आता लेआउट पडले व इमारती उभ्या राहिल्या. आपल्यापैकी पुष्कळ मुलांस तुरीचे झाड व पऱ्हाटी यांतला भेद सांगता येणार नाही, आणि यात त्यांचा दोष नाही. पण शहर वाढले म्हणून ऋतू थांबत नाहीत. पालकांस माझी विनंती आहे की, वर्षातून एकदा तरी मुलांस बुटीबोरी वा उमरेडच्या वाटेवर एखाद्या शेताच्या बांधावर न्यावे, आणि तेथे राबणाऱ्यास भाऊ किंवा मावशी म्हणून त्याची विचारपूस करण्यास शिकवावे.

आणि मुलांनो, येत्या नाताळात झाडावर कापूस अवश्य पसरा. मात्र लहान भावंडांनी हे काय म्हणून विचारले, तर बर्फ म्हणून सांगू नका. हा कापूस आहे, हा आपल्या शेतात पिकतो, आणि तो कोणीतरी बोटांनी वेचलेला आहे, असे त्यांस सांगा.