पाच हजार जास्त, पण कशाचे?

बदलापूर-अंबरनाथच्या आसपासच्या गावांत हल्ली एक प्रश्न घरोघर ऐकू येतो. पोराला एक नोकरी आहे, दुसरी चालून आली आहे, आता कोणती धरायची? घरातला म्हातारा म्हणतो, "सरकारी असेल तर डोळे मिटून घे." आई म्हणते, "जवळची बघ रे बाबा." आणि पोरगं मोबाईलवर पगाराचा आकडा दाखवतं. आकडा मोठा असला की चर्चा तिथेच संपते. ती तिथे संपू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

म्हाताऱ्याचं बोलणं उगाच नाही. या पट्ट्याने कायम नोकरीचं सुख पाहिलेलं आहे. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्कोची काडेपेटी, शहाडचं सेंच्युरी रेयॉन, मोहोन्याची एनआरसी. आगरी-कुणब्याच्या घरातला एक माणूस तिथे चिकटला की धाकट्या भावांची शिक्षणं आणि बहिणींची लग्नं त्या एका पगारावर निघत. पण एनआरसी २००९ साली बंद पडली आणि हक्काच्या देण्यांसाठी कामगार वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले. ऑर्डनन्सचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातल्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली. मालक अजून सरकारच, पण खातं जाऊन कंपनी आली. तेव्हा 'कायम' हा शब्द ऐकून डोळे मिटण्याचे दिवस राहिले नाहीत.

आता आकड्याकडे येऊ. समजा, अंबरनाथ एमआयडीसीत १७ हजारांची नोकरी आहे आणि मुंबईत ठेकेदारामार्फत २२ हजारांची चालून आली. महिन्याला पाच हजार जास्त. कुणालाही मोह पडेल. पण बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. गाडी वेळेवर असली आणि चढायला मिळालं तर दीड तास. मुळगाव, चामटोली किंवा वांगणीच्या आतल्या गावातून स्टेशन गाठायचं, फलाटावर थांबायचं, पुन्हा उतरून ऑफिस गाठायचं, हे सगळं धरलं तर जाऊन-येऊन साडेचार तास कुठे गेले नाहीत. अंबरनाथला मोटारसायकलवर जाण्या-येण्यात मोडतो एक तास. रोजचा साडेतीन तासांचा फरक. महिन्याचे २६ दिवस धरले तर ९१ तास होतात, म्हणजे आठ तासांच्या अकरा पाळ्या. त्या पाच हजारांसाठी पोरगं महिन्याला अकरा दिवस जास्तीचं खपतं. रोज पडला साडेचारशे रुपये. एवढ्यात आवणीला माणूस मिळतो का, ते गावात विचारून बघा. आणि घरचा पोरगा पहाटे साडेचारला निघून रात्री नऊला परतणार असेल, तर आवणीला माणूस लावावाच लागणार.

शिवाय पावसाळा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली आणि हजाराच्या वर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. लोकलवाल्यांचे बुडालेले खाडे कुणी मोजत नाही. ठेकेदार मात्र मोजतो आणि कापतो.

ते पाच हजार तरी खरे असतात का? ठेकेदार तोंडी सांगतो तो आकडा बहुतेक वेळा 'सीटीसी'चा असतो. त्यात मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्साही धरलेला असतो. पंधरा हजारांवर बारा टक्के धरले तर मालकाचे १,८०० आणि कामगाराचे १,८०० गेले. पुढे व्यवसाय कर. बावीसचे हातात साडेअठराही उरत नाहीत. कापलेला फंड खात्यात जमा तरी होतो का, हे पासबुक उघडून बघावं. ते आता मोबाईलवर दिसतं. दुसरी एक गोष्ट आमच्या मंडळींच्या ध्यानात येत नाही. कामगार विमा, म्हणजे ईएसआय, २०१७ पासून २१ हजारांपर्यंतच्या पगाराला लागू आहे. अंबरनाथच्या सतरा हजारांत बायको-पोरांचं औषधपाणी, दवाखाना धरलेला असतो. पगार खरोखरच बावीस असेल, तर नव्या नोकरीत ते कवच नाही. घरात म्हातारी आजारी असेल, सूनबाईचे दिवस भरत आले असतील, तर हा हिशेब पाच हजारांहून मोठा ठरतो.

म्हणून आमच्या मते पहिला प्रश्न पगाराचा नसावा. नेमणूकपत्रावर नाव कुणाचं, कंपनीचं की ठेकेदाराचं, हा असावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, आणि ठराविक मुदतीच्या कामगाराला पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कागदावरचा कायदा आणि गेटवरचा कायदा यांत अंतर असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. पण मागायला तरी आता आधार आहे. "पत्र नंतर देऊ" म्हणणाऱ्याकडे जुनी नोकरी सोडून जाऊ नये. उल्हासनगरच्या कॅम्पातली दुकानं, जीन्सचे कारखाने इथे तर सगळा व्यवहार रोखीत. आठवड्याला हातात पैसे बरे पडतात, पण पाच वर्षांनी बँक कर्जासाठी पगाराची पावती मागते तेव्हा दाखवायला काही नसतं.

रोकडा मोठा की नोकरी मोठी, हा प्रश्न बारवीच्या लोकांइतका जिवावर कुणाच्या आला नसेल. १९७२ साली बांधलेल्या या धरणाची उंची नंतर वाढवली आणि २०१९ च्या पावसाळ्यात वाढीव पाणी घरादारांत शिरलं. विस्थापित कुटुंबांपुढे पर्याय होता: घरातल्या एकाला नोकरी किंवा एकरकमी पैसे. नोकरी एमआयडीसीत किंवा बारवीचं पाणी पिणाऱ्या पालिकांत. अनेकांनी पैसे घेतले, बाकीचे नोकरीची वाट बघत बसले, आणि वाट लांबली. पैसे घेणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. कर्ज डोक्यावर आणि घर पाण्यात असताना तारखेचा भरवसा नसलेली नोकरी कशी धरायची? पण ज्या घरात पंचविशीच्या आतलं पोरगं होतं, त्यांनी थांबणंच शहाणपणाचं होतं असं आम्हाला वाटतं. एकरकमी पैसा घर बांधण्यात, लग्नात आणि गाडीत जातो. पगार दर महिन्याला येतो.

जवळची नोकरी म्हणजे चांगलीच, असंही कुणी समजू नये. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला झालेल्या स्फोटांत माणसं मेली, ती नोकरीवर गेलेलीच माणसं होती. केमिकलच्या कंपनीत लागताना रिॲक्टरवर काम आहे की पॅकिंगला, किती दिवसांचं शिक्षण देणार, एवढं विचारायला लाज कसली? पोरींच्या बाबतीत पाळी कधी सुटते आणि रात्रीची गाडी कंपनी देते का, हे बापाने नाही, पोरीनेच विचारावं. तिलाच रोज जायचं आहे.

ज्याचं शिक्षण चांगलं आहे, हातात कसब आहे आणि मुंबईत खुद्द कंपनीच्या पटावर जागा मिळते आहे, त्याने लोकलची धक्काबुक्की सोसावी. दोन-चार वर्षांत तो पुढे सरकेल. पण ठेकेदाराकडे सिक्युरिटीचं किंवा हाउसकीपिंगचं तेच काम करायला इथून एवढ्या लांब कशाला जायचं?

आणखी एक. मुलाखतीत शेवटी साहेब विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" आमची पोरं मान हलवून उठतात. आवणीला आणि कापणीला चार-चार दिवस रजा मिळेल का, एवढं तिथेच विचारून घ्यावं. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या सुपरवायझरांना हा प्रश्न नवा नाही, त्यांतल्या कित्येकांची स्वतःची भातशेती आहे.