किंमत नसलेल्या चेहऱ्याचे काय?

१८ जानेवारी २०२५ रोजी दुपारी ज्ञानेश्वरी एक्स्प्रेस दुर्ग स्थानकात आली, तेव्हा रेल्वे सुरक्षा दलाने मुंबईहून निघालेल्या एका तरुणाला गाडीतून उतरवून ताब्यात घेतले. दोन दिवसांपूर्वी, १६ जानेवारीच्या पहाटे, अभिनेते सैफ अली खान यांच्यावर वांद्र्यातील राहत्या घरी चाकूहल्ला झाला होता आणि त्यातील संशयित या गाडीत असावा, अशी सूचना मुंबई पोलिसांकडून आली होती. संध्याकाळपर्यंत त्या तरुणाचे छायाचित्र नावासह देशभर पोचले. १९ जानेवारीच्या पहाटे ठाण्यात दुसऱ्याच इसमाला अटक झाली आणि दुर्गला पकडलेल्या तरुणाची सुटका झाली. पुढे त्याने पत्रकारांना सांगितले की नोकरी गेली, ठरत आलेले लग्न मोडले, घरच्यांना तोंड दाखवणे कठीण झाले. ओळखीची खातरजमा होण्यापूर्वीच आपले छायाचित्र प्रसिद्धीस दिले गेले, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. सीसीटीव्हीतल्या माणसाला मिशी नव्हती आणि आपल्याला आहे, एवढी गोष्टही कोणी पाहिली नाही, असेही तो म्हणाला.

त्याचे नाव येथे मुद्दामच लिहिलेले नाही.

दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरे. त्या शनिवारी भिलाईत माझ्या परिचयातील अनेकांच्या फोनवर ते छायाचित्र ‘आपल्या दुर्गमध्ये पकडला’ अशा काहीशा अभिमानाच्या ओळीसह फिरत होते. सुटकेची बातमी मात्र कोणी पुढे पाठवल्याचे मला स्मरत नाही.

हे छायाचित्र कोणा पापाराझीने टिपलेले नव्हते. तरीही त्याचा विचार त्या धंद्यापासून तोडून करता येणार नाही. फेडेरिको फेलिनी यांच्या १९६० च्या ‘ला डोल्चे व्हिता’मधील पापाराझो या छायाचित्रकारावरून पडलेला हा शब्द आपल्याकडे स्थिरावला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत, मुंबईचा विमानतळ, वांद्र्यातील व्यायामशाळा आणि जुहूतील उपाहारगृहे यांच्या दारात. तिथे उभा राहणारा छायाचित्रकार हा बहुधा मोटारसायकलवर फिरणारा, रात्री-अपरात्री ताटकळणारा, बेताच्या कमाईचा माणूस असतो. कलावंत केव्हा कोठून बाहेर पडणार, हे पुष्कळदा कलावंताच्याच प्रसिद्धियंत्रणेकडून त्याला कळते. म्हणजे हा पाठलाग कमी आणि देवघेव अधिक. या देवघेवीने वाचकाला एक सवय लावली: समोर आलेला कोणाचाही चेहरा आधी पाहायचा, पुढे पाठवायचा, तो कोणी आणि का दाखवला हा प्रश्न नंतरचा. दुर्गचे छायाचित्र काही तासांत खपले ते या सवयीच्या बळावर.

या देवघेवीत मुले आपसूक ओढली जातात. करीना कपूर आणि सैफ यांच्या पहिल्या मुलाचा जन्म डिसेंबर २०१६ चा. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा त्याच्यासारखी दिसणारी बाहुली केरळात विक्रीला आली होती. हल्ल्यानंतर मात्र, मुलांची छायाचित्रे काढू नका, अशी विनंती या दांपत्याला छायाचित्रकारांना करावी लागली. जानेवारी २०२१ मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी कन्येच्या जन्मानंतर छायाचित्रकारांना भेटवस्तू पाठवून हीच विनंती केली होती. वर्षभराने केपटाऊनच्या सामन्यात दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने त्या बालिकेचा चेहरा दाखवलाच. जे हक्काने मिळायला हवे ते मिठाईच्या डब्यासह मागावे लागते, यातच आपल्या कायद्याची अवस्था कळते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९७ च्या पॅरिस अपघातात राजकन्या डायना यांचा मृत्यू झाल्यानंतर पुढच्याच वर्षी या धंद्याला वेसण घालणारा कायदा केला आणि २०१३ मध्ये, पालकांच्या व्यवसायामुळे मुलांना छळणे हा तुरुंगवासाचा गुन्हा अधिक कडक केला.

आपल्याकडे काय आहे? फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट्ट आपल्या घराच्या दिवाणखान्यात बसल्या असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून दोघांनी त्यांची छायाचित्रे टिपली. त्यांनी समाजमाध्यमावर जाहीर संताप व्यक्त केला, पोलिसांनी तक्रार देण्याविषयी विचारले. पण तक्रार कोणत्या कलमाखाली द्यायची? चोरून पाहण्याचा गुन्हा २०१३ मध्ये दंडसंहितेत आला आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे; मात्र त्याची व्याख्या विवस्त्रता, शौच, लैंगिक कृती अशा ‘खासगी कृती’पुरती आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागांपुरते. अंगभर कपडे घालून स्वतःच्या घरात निवांत बसणे या दोन्हींत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात ‘एकटे राहू देण्याचा हक्क’ मान्य केला आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. तत्त्व आहे, ते गच्चीपर्यंत पोचवणारा कायदा नाही.

दरम्यान प्रसिद्ध व्यक्तींनी दुसरी वाट काढली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन, सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून आपले नाव, आवाज आणि प्रतिमा यांच्या अनधिकृत वापराविरुद्ध मनाई मिळवली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्यास प्रतिबंध केला. हे आदेश योग्यच आहेत. पण त्यांचा पाया पाहावा. ज्या चेहऱ्याला किंवा आवाजाला बाजारात किंमत आहे, त्याचा फुकट वापर होऊ नये, हा युक्तिवाद त्यात ठळक आहे. प्रतिष्ठेचे रक्षण असे मालमत्तेच्या रक्षणाच्या वाटेने आले. दुर्गच्या तरुणाच्या चेहऱ्याला अशी किंमत नाही. त्यामुळे त्याच्या हानीचा हिशेबही नाही.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला चकित करणारी एक गोष्ट. वसाहतकालीन राज्ययंत्रणेला चेहऱ्यांची भारीच हौस. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले, त्यांत माणसे जातिजमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. असे असूनही त्याच राजवटीने केलेल्या १९२० च्या बंदी ओळख कायद्याचे कलम ७ असे होते की, पूर्वी शिक्षा न झालेला इसम खटल्याविना सुटला वा निर्दोष ठरला, तर त्याची घेतलेली मापे आणि छायाचित्रे, निगेटिव्ह व प्रतींसह, नष्ट करावीत किंवा त्याच्या हवाली करावीत. अन्यथा ठेवायची असतील तर न्यायालयाने वा दंडाधिकाऱ्याने कारणे लिहून द्यावीत. एका परकीय सत्तेला सुटलेल्या माणसाची निगेटिव्ह त्याला परत द्यावी असे वाटले होते. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने हा कायदा रद्द केला. नव्या कायद्यातही सुटलेल्याची नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे, परंतु सर्व कायदेशीर मार्ग संपल्यानंतर. एरवी नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. आणि दोन्ही कायदे सरकारी कपाटातल्या छायाचित्राविषयी बोलतात. प्रसिद्धीपत्रकासोबत बाहेर गेलेले छायाचित्र ना कपाटात राहते, ना परत मागता येते.

ते बाहेर जाऊ नये यासाठी नियम नाहीत असेही नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १ एप्रिल २०१० च्या सूचनापत्रात स्पष्ट आहे की अटक केलेल्यांचे माध्यमांपुढे प्रदर्शन करू नये आणि ज्यांची ओळखपरेड व्हायची आहे त्यांचे चेहरे उघड करू नयेत. यामागे दया नाही, पुरावाशास्त्र आहे: साक्षीदाराने चेहरा आधी पडद्यावर पाहिला असेल तर ओळखपरेडीला अर्थ उरत नाही. सुशांतसिंह राजपूत मृत्यूप्रकरणातील वार्तांकनावर मुंबई उच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यात टाळावयाच्या गोष्टींच्या यादीत आरोपीचे छायाचित्र छापून ओळख सुकर करणे हेही आहे. निकालाची तारीख १८ जानेवारी २०२१; दुर्गच्या घटनेच्या बरोबर चार वर्षे आधी. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी माध्यमांशी कसे बोलावे याची नियमपुस्तिका तीन महिन्यांत तयार करण्यास गृह मंत्रालयास सांगितले होते. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. ज्या सूचनेच्या भंगाबद्दल कोणाच्या गोपनीय अहवालात एक ओळही पडत नाही, ती सूचना फाईलमध्ये सुखाने नांदते. आजही अनेक जिल्ह्यांत टेबलावर मुद्देमाल, मागे संशयितांची रांग आणि त्यांच्या मागे अधिकारी, असे छायाचित्र काढल्याशिवाय कारवाई पुरी झाली असे वाटत नाही.

फरारी आरोपीला शोधायचे तर त्याचा चेहरा लोकांना दाखवावा लागतो, हे खरे. परंतु फरारी माणसाचे छायाचित्र तपासाला मदत करते. ताब्यात आलेल्या माणसाचे छायाचित्र केवळ बातमीला मदत करते. रेषा येथे आखता येते. दुसरी शंका अधिक गंभीर आहे: खासगीपणाचा कायदा कडक केला की त्याची ढाल आधी बलवानच उचलतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलून त्यातली लोकहिताची अट काढली, हे ताजे उदाहरण. उलट, त्याच कायद्यातील माहिती पुसून घेण्याचा हक्क प्रामुख्याने स्वतः संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. दुर्गच्या तरुणाने संमती दिलीच नव्हती, म्हणून तो त्याच्या कामी येत नाही. म्हणून मला मोनॅकोच्या राजकन्या कॅरोलीन यांच्या प्रकरणात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००४ मध्ये लावलेली कसोटी उपयुक्त वाटते: हे छायाचित्र सार्वजनिक महत्त्वाच्या चर्चेत काही भर घालते काय? मंत्र्याच्या कंत्राटदारासोबतच्या भेटीचे छायाचित्र ही कसोटी पार करते. दिवाणखान्यातली अभिनेत्री करत नाही, आणि ओळख न पटलेला प्रवासी तर नाहीच.

नवा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ताब्यातील व्यक्तीचे छायाचित्र न्यायालयापुढे हजर करण्यापूर्वी देऊ नये, दिल्यास देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव नोंदवावे, आणि माणूस निर्दोष सुटल्यास त्याच कार्यालयाने त्याच वृत्तसंस्थांना, त्याच दिवशी, सुटकेचे पत्रक काढून जुने छायाचित्र उतरवण्याची लेखी विनंती करावी, एवढे आदेश रेल्वे मंडळ आणि राज्यांचे पोलीस महासंचालक एका परिपत्रकाने काढू शकतात. त्याला संसदेच्या अधिवेशनाची गरज नाही.