नट राहून गेला

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडले, असे आमच्याकडे सांगतात. सुरतेच्या वाटेवर महाराजांचे स्वार इथे थांबत, दमलेले घोडे सोडून ताजे घेत आणि पुढे दौडत. म्हणून हे बदलापूर. ही व्युत्पत्ती इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरेल, याविषयी मराठीचा अध्यापक म्हणून मला शंका आहे. पण सोनिवलीचा रहिवासी म्हणून ती मला फार आवडते. कारण बदलाबदलीचा धंदा इथे अजून तेजीत आहे. घोडे गेले आणि टायर आले, एवढाच काय तो फरक! आमच्या घरापासून बाजारापर्यंत जाताना मला टायरची चार दुकाने लागतात, आणि पावसाळा सरला, रस्त्यांवरचे खड्डे उघडे पडले, की चारही दुकानांपुढे बसायला बाक पुरत नाही.

टायरच्या दुकानात बसणे मला मुळीच कंटाळवाणे वाटत नाही. तिथली भाषा ऐकण्यासारखी असते. 'स्टेपनी' हा शब्दच पाहा. हा आपल्याला इतका घरचा वाटतो, की एका विद्यार्थ्याने तो 'देशी' शब्दांच्या यादीत लिहिला होता. वास्तविक तो वेल्समधल्या लानेली गावातल्या एका रस्त्याचे नाव आहे. पूर्वी मोटारीबरोबर जादा चाक मिळतच नसे. १९०४ च्या सुमारास त्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी आऱ्यांविना असलेली, टायर चढवलेली एक धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकावर ती अडकवायची आणि घर गाठायचे. ती वस्तू केव्हाच मोडीत निघाली, पण तिचे नाव आपण जपून ठेवले. 'पाना' हा दुसरा शब्द. इंग्रजी स्पॅनरचे डोके उडवून आपण त्याला घरात घेतले, आणि पुष्कळ लोक तर त्याला 'पान्हा' म्हणून मातेच्या पंक्तीला नेऊन बसवतात! खुद्द हवेच्या टायरची कूळकथाही मजेदार आहे. टॉमसन नावाच्या गृहस्थाने १८४५ साली त्याचा हक्क नोंदवला आणि जग ते विसरून गेले. मग १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा शोधून काढला. घोड्यांची नाडी पाहणाऱ्यानेच घोड्यांच्या पोटावर पाय आणावा, हा योग विलक्षणच म्हणायचा.

पण आज सांगायचे आहे ते या कौतुकाचे नव्हे.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर मी गाडीचे पुढचे दोन टायर बदलून घेतले. भाऊबीजेला आईला घेऊन बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडला बहिणीकडे जायचे होते. आईचे वय पंच्याहत्तर, मागच्या सीटवर दोन मुली, आणि रस्ता वळणांचा. दुकानदाराने तत्परतेने काम केले, वीस मिनिटांत मोकळे केले, पैसे मोबाईलवर घेतले आणि चहाही पाजला. तक्रारीला जागाच नव्हती.

घरी आल्यावर मी डिकीतला पाना काढला. ही आमच्या घराण्याची चाल आहे. वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी धावली, हे ते आम्हांला एखाद्या सणाची तिथी सांगावी तसे सांगत. दुसऱ्याने बसवलेल्या चाकाला स्वतःचा पाना लावल्याशिवाय ते गाडीत पाऊल ठेवत नसत. मग ते चाक त्यांच्या जिवलग मित्राने बसवलेले का असेना! "मित्रावर विश्वास आहे रे, नटावर नाही," असे म्हणून ते हसत.

आमच्या गाडीच्या एका चाकाला चार नट. डाव्या चाकाचे पहिले दोन पाव फेरा फिरले. तिसरा पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरला. उजव्या चाकाकडे वळलो, तर तिथे दुसरे टोक. पान्यावर उभा राहिलो तरी एकही नट हलेना. सौभाग्यवती गॅलरीतून हे पाहत होती. "काय झालं?" तिने विचारले. "काही नाही," मी म्हणालो, "एका बाजूला कमी झालं आहे, दुसऱ्या बाजूला जास्त." "म्हणजे तुमच्या भाजीतल्या मिठासारखं," असे म्हणून ती आत गेली. पण थोड्या वेळाने खाली आली, तो तिसरा नट तिने स्वतः फिरवून पाहिला, आणि मग मात्र ती काही बोलली नाही.

सैल नट धोक्याचा हे कोणालाही कळते. पण का, ते फारसे कोणी सांगत नाही. चाक नटांवर लोंबकळत नसते. नट त्याला मागच्या पृष्ठभागावर घट्ट आवळून धरतात आणि त्या आवळण्यातल्या घर्षणावर सगळा भार पेलला जातो. पकड सुटली की चाक किंचित डुलू लागते, त्या डुलण्याने उरलेले नट सैल होतात, बोल्ट वाकतात आणि एखाद्या वळणावर तुटतात. अतिघट्ट नटही तितकाच वाईट. बोल्ट ताणला जातो, आटे जातात, ब्रेकची तबकडी वाकू शकते. आणि रात्री आडरानात पंक्चर झाले तर आपल्याजवळच्या पान्याने तो नट उघडतच नाही. शिवाय नट आवळायचे ते एकाआड एक, समोरासमोर. चकलीच्या गच्च डब्याचे झाकण एका बाजूने दाबले की दुसरी बाजू वर येते, हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे तिला हे निराळे शिकवायला नको. हवेच्या बंदुकीला मात्र हे ठाऊक नसते. ती 'टर्रर्र' करते आणि ऐकणाऱ्याची खात्री पटते.

मी राहिलेले नट आवळले आणि गाडी परत दुकानात नेली. मालकाने डोळे न उचलताच सांगितले, "साहेब, नट राहून गेला असेल."

वाचकहो, या वाक्याकडे जरा व्याकरणाच्या दृष्टीने पाहा. हा कर्तरि प्रयोग आहे आणि यातला कर्ता नट आहे! मुलाने तो आवळला नाही, मालकाने तपासला नाही. नट स्वतःहून राहून गेला. आपली मराठी या बाबतीत फार दयाळू. कप फुटतो, दूध उतू जाते, फाईल गहाळ होते, पूल खचतो, आणि कोणाच्याच हातून काही झालेले नसते. रंगभूमीवरचा नट चुकला तर निदान विंगेतून आठवण करून द्यायला कोणीतरी उभे असते. चाकाच्या नटाला तेही नाही.

ज्याच्या हातून तो राहून गेला होता, तो मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा. मला पाहून त्याने बंदूक खाली ठेवली आणि "सर" म्हणाला. मी चरकलो. तो आमच्याच महाविद्यालयातला, दुसऱ्या वर्षाचा. हजेरीपटावर ज्याच्या नावापुढे मी ओळीने गैरहजेरी मांडत होतो, तोच. मालकाला आवेश चढला. "आजचा रोज कापतो याचा!" तो गरजला. मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त दुसऱ्या गाडीकडे पाहिले. त्या पाहण्याने मला सगळे कळले. माझ्या डाव्या चाकाचा शेवटचा नट लावून होत असताना मालकानेच त्याला हाक मारून त्या गाडीच्या पंक्चरला पाठवले होते. हाक मारलेली मी बाकावर बसून ऐकली होती.

ते मी तिथेच मालकाला सांगितले. रोज कापला गेला नाही. पण माझे लक्ष भिंतीकडे होते. तिथे एक लांब दांड्याचा, आकडे असलेला पाना टांगला होता. ठरावीक जोर लागला की 'कट्' असा आवाज करणारा, टॉर्कचा पाना. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर एवढा जोर पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. या पान्यावर दसऱ्याचे हळदकुंकू होते, झेंडूचा वाळका हार होता, आणि त्याखाली कारखान्यातून आलेली प्लॅस्टिकची पिशवी जशीच्या तशी होती. शस्त्रपूजा झाली होती. शस्त्र म्यानातच होते.

पूर्वी गावचा लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवी. लोखंडी कडे गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचे, फुगले की लाकडी चाकावर बसवायचे आणि पाणी ओतून आवळून घ्यायचे. धाव सैल बसली, तर तेच गाडीवान, तेच चाक दुसऱ्या दिवशी दारात. आणि सुगीला बलुते त्याच्याच खळ्यावरून आणायचे. त्या व्यवस्थेतले दुःख मला माहीत आहे. लोहाराच्या पोराला लोहारच राहावे लागे. तिचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. पण काम करणारा आणि चाकावर बसणारा एकमेकांना तोंडाने ओळखत होते, एवढे खरे. आज गिऱ्हाईक हायवेने निघून जाते. नट वीस कोसांवर पडतो, आणि तो कोणी लावला होता हे कोणी कोणाला विचारायचे?

आणि टायरवर आळ घेणेही सोपे असते. १ जुलै २०२३ च्या पहाटेआधी समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस उलटून पेटली आणि पंचवीस जीव गेले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन खात्याच्या अहवालाला तशी खूण सापडली नाही. तिथेही कर्ता टायर! तो महामार्ग आता ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळ आमण्यापर्यंत, म्हणजे आमच्या दारापर्यंत आला आहे. मुले आता शिर्डीला 'सकाळी जाऊन संध्याकाळी परत' अशा गोष्टी करतात. म्हणून म्हणतो, नवा टायर घातला की गाडी हलवण्यापूर्वी खाली उतरा. टायरवर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. 'नवा' म्हणून जुना माल तर नाही ना, ते त्यावरून कळते. बाण असेल तर तो चाक पुढे फिरते त्या दिशेला हवा. व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावा, बुडबुडा आला तर हवा जाते आहे. हवा किती भरायची ते चालकाच्या दारापाशी चिकटवलेल्या कागदावर असते. 'सगळ्यांना पस्तीस' या उत्तरावर जाऊ नका. आपला जॅक आपल्याच डिकीत परत आला का, तेही पाहा. माझ्या एका सहकाऱ्याचा अजून आलेला नाही. आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नटांना पुन्हा एकदा पाना लावा. गाडी गार असताना.

भाऊबीजेला आम्ही मुरबाडला सुखरूप गेलो. मध्ये धरणाशी थांबून मी पाना लावला, तेव्हा आईने विचारले, "हा अगदी त्यांच्यासारखा का करतो रे?" मुलींना ते कळले नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर तो मुलगा स्टाफरूमच्या दाराशी आला. मला वाटले, हजेरीबद्दल असेल. तो म्हणाला, "सर, खडू मिळतील का थोडे? आवळून झालेल्या नटावर रेघ मारतो. मध्ये कोणी हाक मारली तरी परत आल्यावर कळतं कुठवर आलो होतो ते." मी त्याला अख्खी पेटी दिली. प्लॅस्टिकची पिशवी काढली का, असेही विचारले. "काढली," तो म्हणाला, "पण मालक म्हणतात, फक्त मोठ्या गाड्यांना वापर."

या महिन्यात मागचे दोन टायर बदलायचे आहेत.