माळाला ओसाड म्हणू नका



आपल्याकडे महिला मंडळांतून दर पावसाळ्यात एक विषय हमखास निघतो. गावाबाहेरच्या ओसाड माळावर झाडे लावू, पुण्य लागेल. माझा याला विरोध आहे.

माळ ओसाड नसतो. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ माळ येतात हे खरे, पण मी कॉमर्सची विद्यार्थिनी. रक्कम चुकीच्या खात्यावर चढली म्हणून ती नाहीशी होत नाही. त्या गवतात काळवीट आहे, खोकड आहे, लांडगा आहे. टिटवी, धाविक, चंडोल झाडावर घरटे करत नाहीत, जमिनीवरच अंडी घालतात. माळढोकही तसाच, आणि अंडे बहुधा एकच. तिथे दाट झाडे उभी केली की या जिवांचे घर गेले. कबुतरांना दाणे टाकणारे आपण, हे कोणत्या खाती मांडणार?

नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली झाले. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होते, पुढे कमी करून १,२२२ च्या आसपास आणले. गावेच्या गावे आत होती, लोकांना साधे खरेदीखत करायची पंचाईत. कमी करणे भागच होते. पण बाहेर राहिलेल्या माळाला आता राखणदार नाही. कुठे मुरूम उपसतात, कुठे प्लॉट पडतात. धनगर मेंढरे घेऊन फिरतात तेवढीच त्याची ओळख.

म्हणून पक्षीप्रेमी मंडळी अशा माळांवर विनामूल्य फेऱ्या काढतात, त्यांचे मला फार मोल वाटते. मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. ५ नोव्हेंबर त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या दिवसांत हमखास फेरी असते. गेल्या वर्षी मी नातीला घेऊन गेले होते. बरोबरच्या मुलाने बोट दाखवले तरी मला धाविक दिसेना, मातीच्या रंगाचाच तो. नातीला लगेच दिसला. मग तो तुरुतुरु धावला तेव्हा मलाही दिसला.

घरातूनच आक्षेप आला की माणसे नेली की गाड्या येतील, सेल्फी येतील, होता तो माळही तुडवला जाईल. यात तथ्य आहे. पंधरा-वीस जणांपेक्षा जास्त नेऊच नयेत, आणि मोटारसायकली रस्त्यावरच ठेवाव्यात. पण ज्या जमिनीला कोणी पाहिलेलेच नाही, ती विकली गेली तर हळहळायला तरी कोण येणार? फी लावली की हौशी तेवढे येतील, भाजीवाली आणि तिची मुले येणार नाहीत. माळाशेजारी राहतात ती तर तीच माणसे.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच एका बाईंचा. गवतावरून चालायचे म्हणजे हिंसा. मला तो आवडला, कारण तो आपल्या विचारातून आला आहे. चातुर्मासात जमिनीवर जीव फार वाढतात म्हणून आपले मुनिमहाराज विहार थांबवतात. माळढोकाची वीणही पावसाळ्यातलीच. तेव्हा फेऱ्या पावसाळ्यात नकोतच, कार्तिकानंतर निघाव्यात. आणि चार हात जमीन पाहून चालायचे, ही ईर्यासमिती त्या मुलानेही वेगळ्या शब्दांत सांगितली: पायवाट सोडू नका, खाली बघा, अंडी असतात.

फेरी पहाटे असते, दहापर्यंत घरी येता येते. सूर्योदयाआधी न खाणाऱ्यांनी डबा बरोबर ठेवावा, गाळलेले पाणी आपले आपण न्यावे. साडी चालते, पण बूट हवेतच, कुसळे फार टोचतात. झाडांसाठी जमलेल्या पैशांतून मंडळाने दोन दुर्बिणी घ्याव्यात, असे मी बैठकीत मांडणार आहे. पाठिंबा देणाऱ्यांनी आधी कळवा.