स्केटिंगच्या वर्कशॉपला मुलांना नुसतं सोडायला जाऊ नका, स्वतःही उतरा



इथे इंग्लंडात जरा ऊन पडायला लागलं की ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "मुलांसाठी इनलाइन स्केटिंगचं चांगलं वीकेंड वर्कशॉप कोणाला माहीत आहे का?" मग उत्तरं येतात, वयाची अट काय, पार्किंग कुठे, स्केट्स भाड्याने मिळतात का, सगळं विचारून होतं. पण "मला शिकायचंय, माझ्यासाठी आहे का?" असं एखाद्या आईने किंवा बाबाने विचारलेलं मी अजून वाचलेलं नाही. म्हणून ही पोस्ट. फॉर्म भरताना मुलाच्या नावाखाली स्वतःचंही नाव घाला. वर्कशॉप "ऑल लेव्हल्स" असेल, तर त्यात कधीही पायात स्केट न घातलेली पंचेचाळीस वर्षांची आईसुद्धा येते. आयोजकांना त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते आपल्यालाच.

आपला शनिवार-रविवार आठवून बघा. सकाळी स्विमिंग, मग इलेव्हन-प्लसची ट्यूशन, दुपारी तबला किंवा भरतनाट्यम, रविवारी मराठी शाळा. या सगळ्यात आपलं काम काय? गाडी चालवणं, पैसे भरणं आणि बाकावर बसून फोन बघत थांबणं. मी पेशाने सीए असल्यामुळे सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांचे हिशेब तपासते, आणि शनिवारी ड्रायव्हर नि कॅशियर. मुलं मात्र हे सगळं बघत असतात. त्यांच्या डोळ्यांसमोर शिकणारे फक्त तेच. आई-बाबा म्हणजे ज्यांचं शिकून झालंय आणि जे आता सूचना देतात.

त्या सूचनाही कोणत्या भाषेत, तर मराठीत. "चल, आवर. शूज घाल. पाणी घेतलंस का? उशीर होतोय." परदेशात मराठी टिकवायची म्हणून आपण धडपडतो, आणि घरातल्या मराठीचा निम्मा वापर मुलांना हाकण्यासाठी करतो. याकडे पुन्हा येते.

आधी वर्कशॉपमध्ये काय होतं ते सांगते, कारण बरीचशी भीती माहिती नसल्यामुळेच असते. मी आणि माझी अकरा वर्षांची लेक लंडनमध्ये हाइड पार्कच्या सर्पेंटाइन रोडवर झालेल्या दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेलो होतो. तळ्याच्या उत्तरेकडचा हा रस्ता रुंद आणि बऱ्यापैकी सपाट आहे, नेहमीची वाहतूक नाही, म्हणून लंडनचे स्केटर्स वर्षानुवर्षं तिथे जमतात. (मोठे कार्यक्रम असले की तो भाग अडवलेला असतो, तेवढं आधी बघून जा.) सुरुवातीलाच तीन गट पाडले. लेक मधल्या गटात, मी अगदी नवख्यांच्या. माझ्या गटात सहा वर्षांची जुळी, एक कॉलेजचा मुलगा, दोन आया आणि एक पांढऱ्या मिशांचे निवृत्त गृहस्थ. सगळ्यांत आधी कोण पडलं असेल? कॉलेजचा मुलगा. आजोबा दोन दिवसांत एकदाही पडले नाहीत, कारण त्यांनी कसलीही घाई केली नाही.

पहिला तासभर चाकं फिरवायची नाहीतच. गवतावर उभं राहायचं. टाचा जवळ, पंजे बाहेर, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. गुडघे वाकलेले, हात पुढे, नजर समोर. मग बदकासारखं चालायचं. त्यानंतर पडायला शिकवतात, आणि सबंध वर्कशॉपमधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. तोल जातोय असं वाटलं की मागे रेलायचं नाही, खाली बसत पुढे जायचं. आधी गुडघ्यांवरची पॅड टेकवायची, मग कोपरांची, मग मनगटांची, आणि बोटं वर उचललेली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मुद्दाम पडायला सांगणारी दुसरी कुठली जागा मला तरी माहीत नाही. चार वेळा पडलं की भीतीतली हवाच निघून जाते.

आता खरा प्रश्न. "हात मोडला तर?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. भारतात असतो तर सासूबाई, आई, वहिनी, शेजारच्या काकू, कोणीतरी धावून आलं असतं. इथे आईचा हात प्लास्टरमध्ये गेला तर डबे कोण भरणार, शाळेची ने-आण कोण करणार, मार्चअखेरची कामं कोण उरकणार? परदेशातल्या घरात बदली खेळाडू नसतो. त्यामुळे आपण स्वतःला जपतो, आणि जपता जपता हळूहळू सगळंच सोडून देतो. म्हणून या भीतीचा नीट हिशेब करू.

१९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींवर अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इस्पितळांच्या इमर्जन्सी विभागांत आलेल्या जखमी स्केटर्सची त्यात पाहणी होती. सर्वांत जास्त दुखापती मनगटाच्या, ३२ टक्के. २५ टक्के लोकांचं मनगट मोडलेलं होतं. आणि जखमींपैकी ४६ टक्के लोकांनी कुठलंही संरक्षक साहित्य घातलेलं नव्हतं. ज्यांनी रिस्ट गार्ड घातले नव्हते, त्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका घालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दहापट होता. कोपराच्या पॅडचंही साधारण तसंच. माझ्या व्यवसायात एखाद्या छोट्या खर्चाने एवढी मोठी जोखीम उतरत असेल, तर क्लायंटला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. हेल्मेट आपण घालतोच, सायकलमुळे सवय आहे. पण रिस्ट गार्ड लोकांना नखरे वाटतात. तो घातल्याशिवाय स्केट्सची बक्कलसुद्धा लावू नका.

दुसरी भीती थांबता न येण्याची. आपल्यापैकी काहींनी लहानपणी बुटांना पट्ट्यांनी बांधायचे लोखंडी स्केट्स वापरले असतील, दोन चाकं पुढे, दोन मागे. इनलाइनची चाकं एका रांगेत असतात आणि शिकाऊ स्केटला बहुधा उजव्या टाचेमागे रबराचा ब्रेक असतो. तो लावायची रीत सोपी आहे, पण उलटी वाटते. ब्रेकचा पाय पुढे सरकवायचा, खुर्चीवर बसल्यासारखं थोडं खाली बसायचं आणि त्या पायाचा पंजा वर उचलायचा, म्हणजे टाचेमागचं रबर रस्त्यावर घासतं. वेग असताना पाय पुढे घालायला मन तयार होत नाही, सगळी गंमत तिथे आहे. लंडनकरांना तर थांबण्याचं महत्त्व अडीचशे वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. जॉन जोसेफ मर्लिन नावाच्या कारागिराची गोष्ट सांगतात. सोहोमधल्या कार्लाइल हाउसच्या मेजवानीत हा गृहस्थ स्वतः बनवलेले चाकांचे बूट घालून व्हायोलिन वाजवत आला, आणि थांबता न आल्याने पाचशे पौंडांहून जास्त किमतीच्या आरशावर जाऊन आदळला. आरसा गेला, व्हायोलिन गेलं, स्वतःलाही बरंच लागलं. आधी ब्रेक, मग मिरवणं.

आता मराठीकडे. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मधल्या गटाला थोडा मोकळा वेळ मिळाला आणि लेक माझ्याजवळ आली. प्रशिक्षक दुसऱ्यांना बघत होता. ती माझ्यासमोर उलटी सरकत सांगायला लागली, "आई, खाली बघू नकोस. गुडघे वाक... नाही, वाकव. अजून. आता एका पायावर रेल." घरी ती माझ्याशी अर्धं इंग्रजी बोलते. इथे कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळं मराठीतून. मला वाटतं, कारण साधं आहे. मला पटकन कळायला हवं होतं, आणि मला पटकन कळते ती मराठी हे तिला माहीत आहे. तिला "ग्लाइड"साठी शब्द सापडेना, मग आम्ही दोघींनी "घरंगळ" वापरून पाहिला, तो नको झाला, "सरक" ठरला. "स्लो डाउन"ला तिने स्वतःच "दमानं" म्हटलं. तो शब्द तिच्या कोल्हापूरच्या आजीचा. आजी तो जिन्यावरून उतरताना म्हणते.

मराठी शाळेचं महत्त्व मी कमी करत नाही, आमची लेकही जाते आणि जाईल. पण शाळेत मूल मराठी शिकतं, आणि इथे मराठीतून शिकवत होतं. त्यात एक अधिकार आहे. एरवी या मुलांना मराठीत कधी वरचढ व्हायला मिळतं? इंग्रजीत मिळतं. आपले उच्चार ती सर्रास सुधारतात, आणि आपण कधी हसतो, कधी चिडतो. पण मराठी म्हटली की चुकणारी तीच आणि सुधारणारे आपण. त्या रस्त्यावर ती जाणती होती आणि मी नवखी, आणि आमची भाषा माझी होती. असा योग ट्यूशनच्या बाहेर गाडीत बसून येत नाही.

यावर एका मैत्रिणीचं म्हणणं होतं की मुलांना आपण बरोबर नको असतो, त्यांची त्यांना जागा हवी. बरोबर आहे, म्हणूनच सर्व स्तरांचं वर्कशॉप मला आवडतं. गट वेगळे असतात. मूल त्याच्या गटात, आपण आपल्या. दिवसभर एकमेकांच्या मानगुटीवर नाही, पण जेवताना दोघांकडे सांगायला काहीतरी असतं, आणि "आज काय शिकलास?" या प्रश्नाला "नथिंग" हे उत्तर येत नाही, कारण प्रश्न दोन्हीकडून असतो.

मात्र "ऑल लेव्हल्स" हे शब्द वाचून डोळे मिटून पैसे भरू नका. यापूर्वी एका ठिकाणी आम्ही लेकीला घेऊन गेलो होतो, तिथे सर्व स्तर म्हणजे एक प्रशिक्षक, पस्तीस माणसं आणि एकच मोठं वर्तुळ होतं. येणारी मुलं सुसाट, न येणारी कठड्याला धरून. अशा जागी मोठ्या माणसाने पहिल्यांदा उतरू नये. आधी फोन करून विचारा: नवख्यांचा गट वेगळा आहे का, त्या गटाला पूर्ण वेळ स्वतःचा प्रशिक्षक आहे का, त्याच्याकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आहे का, पॅडशिवाय कोणाला उतरू देता का, आणि पाऊस आला तर काय. ओल्या रस्त्यावर चाकं घसरतात, म्हणून या देशात शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारलात तरी चालेल.

पैशांचं म्हणाल तर पहिल्या वेळी विकत काही घेऊ नका. भाड्याचे घ्या. मुलांचे पाय वाढतात, त्यांना माप बदलता येणारे स्केट्स मिळतात. आपले पाय वाढायचे थांबलेत, त्यामुळे आपला जोड घेतला तर वर्षानुवर्षं टिकतो. बघता बघता घसाऱ्याचा हिशेब मोठ्यांच्या बाजूने झुकतो, हे मी धंदेवाईक मत म्हणून नोंदवते. माप बघताना उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकायला हवा आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यायला हवा. सैल बूट आरामदायी वाटतो, पण त्यात घोटा डुगडुगतो.

ज्यांना डॉक्टरांनी हाडांबद्दल किंवा गुडघ्यांबद्दल सावध केलंय, त्यांनी माझं ऐकू नये, डॉक्टरांचं ऐकावं. पण "या वयात शोभतं का?" हे कारण मात्र मी मान्य करत नाही. कोणाला शोभायचं आहे? हाइड पार्कमध्ये आपल्याकडे कोणी बघत नाही, लोक आपापल्या कुत्र्यांमागे असतात. आणि गावाकडे कौतुकच होतं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या संघात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. तेव्हा माझ्या वडिलांनी फोन करून विचारलं होतं, आपली नात हाच खेळ खेळते ना? आता त्यांना माझा व्हिडिओ पाठवलाय. "गुडघे अजून वाकव" असं उत्तर आलं. सगळेच प्रशिक्षक.

आमच्याकडे नवऱ्याने पहिल्या दिवशी फोटोग्राफरची जबाबदारी स्वतःहून घेतली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भाड्याचे स्केट्स मागायला गेला, तर दहा नंबर संपलेले. मोठ्यांची मापं तिथे कमीच ठेवतात, कारण मोठे मागत नाहीत.

पुढच्या महिन्यात पुन्हा एक वर्कशॉप आहे आणि चार-पाच घरं मिळून गेलो तर आधी सांगून मापं राखून ठेवता येतील. ज्यांना यायचंय त्यांनी खाली बुटाचं माप लिहा, यूके मापात. मुलांचं नंतर विचारते, आधी तुमचं.