सहा मोसंबी

पावागढच्या पायऱ्या चढताना वानरांच्या हाती मूठभर चणे ठेवल्यावाचून पुढे पाऊल टाकायचे नाही, असा आमच्या घरचा शिरस्ता. मुक्या जिवाच्या मुखी घास घालणे हे पुण्यच, याविषयी मला कधी शंका आली नव्हती. ती आली दूर आफ्रिकेत, आणि तीही सहा मोसंब्यांपायी.

माझा भाचा झिंबाब्वेत, हरारे येथे नोकरीस असतो. सन २०२४च्या श्रावणात त्याने, भाचेसुनेने आणि मी त्याच्या मोटारीतून तेथील अभयारण्ये पाहण्याचे ठरविले. आपल्याकडे श्रावणसरी, तर तेथे कोरडा ऋतू. पाण्याचा शिधा, इंधनाचे डबे, शिजविण्याचे सामान सारे बरोबर घ्यायचे आणि मोटारीच्या छतावर उलगडणाऱ्या तंबूत निजायचे. रस्त्याची डावी बाजू मात्र आपल्यासारखीच!

प्रथम ह्वांगे पाहिले. सुमारे १४,६०० चौरस किलोमीटरांचे हे अरण्य. पण बारमाही नदी एकही नाही. उन्हाळ्यात जमिनीखालचे पाणी पंपाने उपसून पाणवठे भरावे लागतात, त्यावरच हत्तींचे कळप जगतात. माणसाचा हा उपकार पाहून माझे मन भरून आले.

पुढे झांबेझी नदीकाठी माना पूल्स. ‘माना’ म्हणजे तेथील शोना भाषेत चार. नदीने मागे सोडलेल्या चार डोहांवरून हे नाव पडले. १९८४पासून ते जागतिक वारसास्थान आहे. तळाला कुंपण नाही, आत दुकान नाही. फळे, विशेषतः संत्री-मोसंबी, आत नेण्यास सक्त मनाई. परवाना घेताना तेथील रक्षकाने विचारले, “फळे आहेत का?” भाचा “नाही” म्हणाला. माझ्या पिशवीत संकष्टीसाठी जपून ठेवलेली सहा मोसंबी होती. मी गप्प राहिले. उपासाच्या फळांना कसला आला नियम, असे मनाचे समाधान करून घेतले.

त्या रात्री मोटार हलली. तंबूच्या जाळीतून पाहिले, तो खाली एक प्रचंड हत्ती उभा! सोंडेचे टोक मोटारीच्या काचांवरून, दारांच्या फटींवरून फिरत होते. त्याने एकदा नुसते अंग टेकले आणि आमचे बिछाने कलले. भाचेसुनेने माझा हात घट्ट धरला. किती वेळ गेला कोण जाणे. अखेर तो आपण होऊन निघून गेला. सकाळी मागचे दार दबलेले दिसले, काचेवर सोंडेच्या धुळीचे लांब पट्टे होते.

मी भाच्यापुढे पिशवी रिकामी केली. तो रागावला असता तर बरे वाटले असते. तो एवढेच म्हणाला, “आत्या, चला, ही देऊन टाकू.”

रक्षकाने फळे मोजून घेतली. मी क्षमा मागितली. तो शांतपणे म्हणाला, “एकदा का हत्तीला या वासाची चटक लागली, की तो मोटारी फोडू लागतो. मग माणसांच्या जिवासाठी त्याला गोळी घालावी लागते. तुम्ही घरी जाल. हत्ती इथेच राहणार.”

ह्वांगेचे पाणी आणि माझी मोसंबी, दोन्ही माणसानेच दिलेली. पण ते पाणी हत्तीची गरज पाहून दिलेले. आणि मी माझ्या उपासापलीकडे काही पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. फळांवाचून उपास काही मोडला नाही. नदीकाठी आना नावाचे, बाभळीच्या कुळातले वृक्ष आहेत. पावसाळ्यात ते निष्पर्ण होतात आणि दुष्काळात हिरवे असतात. संध्याकाळी एक हत्ती मागच्या दोन पायांवर उभा राहून त्यांच्या उंच फांद्या ओढताना दिसला. कालचाच होता की दुसरा, कोण सांगणार? चंद्रोदय झाला. मी गुळाचा खडा नैवेद्याला ठेवला आणि हात जोडताना त्या हत्तीसाठी एकच मागितले: माझ्या मोसंब्यांचा वास तुला विसरता येवो.